सिक्का, हुंडी आणि पत

ज्या पैशाला हात लावता येत नाही, जो तिजोरीत मोजून ठेवता येत नाही आणि ज्याचा नाद दगडावर वाजवून घेता येत नाही, त्याला खरे मोल आहे काय, हा प्रश्न डिजिटल चलनाच्या आगमनापासून जाणती माणसेही विचारू लागली आहेत. या प्रश्नाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, पूर्वीचा पैसा हा आपल्या अंगच्या धातूमुळे मोलवान होता आणि आपण त्या भरीव जगातून क्रमाक्रमाने एका पोकळ जगात येऊन पोहोचलो आहोत. महाराष्ट्राच्या गेल्या साडेतीनशे वर्षांतील चलनव्यवहार डोळ्यांखालून घातला असता हे गृहीत टिकत नाही. धातूचे महत्त्व त्या काळीही होते, परंतु पैशाचा खरा आधार तो कोण परत स्वीकारणार, त्याने कोणते देणे फिटणार आणि तो बुडाल्यास जबाब कोण देणार, या तीन गोष्टींवर तेव्हाही होता व आजही आहे.

इ. स. १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहाची कलमे घेऊन गडावर हजर होता. आपले नाणे महाराजांच्या मुलुखात चालावे, अशी एक मागणी त्या कलमांत होती. महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, कोणतेही नाणे चालण्यास आपली मनाई नाही, परंतु जे घेतल्याने रयतेची नुकसानी होईल ते घेण्याची सक्ती आपण करणार नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके चोख असेल तर त्याला आडकाठी होणार नाही. चलनशास्त्राचे ग्रंथ ज्या काळी आपल्याकडे कोणी वाचलेले नव्हते, त्या काळी दिलेल्या या उत्तरात दोन तत्त्वे स्पष्ट आहेत : एक, राजाच्या हुकुमाने नाण्याला चाल मिळते खरी, पण लोकांचा विश्वास हुकुमाने निर्माण होत नाही, आणि दुसरे, चलनाची अंतिम कसोटी रयतेचे हित ही आहे.

त्याच राज्याभिषेकाच्या निमित्ताने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी पाडण्यात आली. एका अंगाला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’ अशी नागरी अक्षरे त्यांवर होती. त्यांपैकी होन थोडे पडले आणि आज ते अत्यंत दुर्मीळ आहेत. पण शिवराई मात्र अनेक टांकसाळींतून, वजनात आणि अक्षरांच्या वळणात नाना भेद घेऊन, पेशवाई संपून इंग्रजी अंमल स्थिरावल्यानंतरही गावोगावच्या बाजारात चालत राहिली. सोन्याच्या होनापेक्षा तांब्याच्या नाण्याने रोजच्या व्यवहाराची अधिक सेवा केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि सोन्याच्या बाजूने जे न्याय्यपणे म्हणता येईल ते म्हटलेच पाहिजे. शिवछत्रपतींच्या खजिन्यातील होनांची जी यादी सभासदाने आपल्या बखरीत दिली आहे, तीत पातशाही आणि शिवराई होनांबरोबरच अच्युतराई, देवराई अशी विजयनगरच्या राजांची नावे धारण करणारे होनही आहेत. ते राजे निवर्तले होते, त्यांचे साम्राज्य १५६५ च्या राक्षसतागडीच्या रणात मोडले होते, आणि तरीही त्यांचा होन शंभर वर्षांनंतर खजिन्यात मानाने बसला होता. ज्याने नाणे पाडले तो नाहीसा झाला तरी ज्याची किंमत पूर्णपणे नाहीशी होत नाही, हा सोन्याचा गुण निर्विवाद आहे; आणि आजच्या आभासी चलनांचे पुरस्कर्ते जेव्हा कोणत्याही सरकारवर अवलंबून नसलेल्या पैशाची भाषा बोलतात, तेव्हा ते याच गुणाचा दावा करीत असतात. तो दावा कितपत खरा, हे पुढे पाहू.

पेशवाईत रुपया एक नव्हता, अनेक होते. टांकसाळ चालविण्याची सनद सरकार सोनारांस किंवा सावकारांस देई, त्याबद्दल आपला हिस्सा घेई आणि चांदीचा कस राखण्याची हमी लिहून घेई. पुण्याच्या बाजूचा अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, असे रुपयांचे कुळ विस्तारलेले होते. आणि हमी लिहून घेऊनही कस घसरत असल्यामुळे थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत कर्नाटकाच्या बाजूच्या खाजगी टांकसाळी मोडून धारवाडास सरकारी देखरेखीखाली नाणे पाडण्याचा प्रयत्न झाला. एका रुपयाचा दुसरा रुपया करताना बट्टा पडे. तो नाण्याच्या वजनावर, कसावर, झिजेवर आणि ते आपल्या जन्मस्थानापासून किती दूर आले आहे यावर अवलंबून असे. म्हणून प्रत्येक पेठेत सराफ आणि प्रत्येक सरकारी पोत्यावर पोतदार लागे. तो रुपया तोली, वाजवी, प्रसंगी छेद देऊन पाही आणि मगच भरणा पदरी घेई. आपण ज्या धातूच्या पैशाला स्वयंसिद्ध मोलाचा समजतो, त्याचे मोल प्रत्यक्षात असे दररोज, प्रत्येक हातबदलाला, एका जाणकार मनुष्याच्या साक्षीने नव्याने ठरत होते. वसुलात कोणता रुपया बिनबट्टा घ्यावयाचा हे सरकार ठरवी, आणि ज्या रुपयाने सरकारदेणे फिटे त्याला बाजारातही मागणी राही.

याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, या रुपयांपैकी बहुतेकांवर नाव होते दिल्लीच्या बादशहाचे. ज्या शहाआलमाचे डोळे १७८८ साली गुलाम कादिराने काढले आणि ज्याला महादजी शिंद्यांनी पुन्हा तख्तावर बसविले, त्याच्या हाती स्वतःच्या राजधानीचेही रक्षण उरले नव्हते. पण मराठी मुलुखातील टांकसाळी त्याच्या नावाने रुपये पाडीत होत्या, आणि इंग्रजांची कंपनीही बंगालमध्ये त्याच्या एकोणिसाव्या जुलूस-सनाचा ठसा दशकानुदशके तसाच चालवीत होती. सामर्थ्य गेले, नाव राहिले, आणि लोकांच्या अंगवळणी पडलेल्या त्या नावावर रुपया चालला.

परंतु त्या काळातील सर्वांत प्रगल्भ पैसा धातूचा नव्हताच. तो कागदाच्या एका चिठ्ठीवर चालत होता. माळवा आणि गुजरात येथील वसूल पुण्यास पोहोचविणे, उत्तरेत गेलेल्या फौजेला खर्चास रक्कम पुरविणे, काशीयात्रेला निघालेल्या गृहस्थाला वाटेत चोरांची धास्ती न बाळगता तेथे पैसा मिळवून देणे, ही सारी कामे हुंडीने होत. पुण्यातील सावकार रोख रक्कम पदरी घेऊन काशीच्या आपल्या आडत्यावर पत्र लिही; ते पत्र दाखविले की आडत्या तेथे रुपये मोजी; आणि दोन्ही ठिकाणच्या पेढ्या आपापल्या वह्यांत जमा-नावे लिहून, उलट दिशेने येणाऱ्या हुंड्यांनी ती रक्कम फेडून घेत. शेकडो कोस अंतर पडले तरी एक रुपयाही रस्त्याने जात नसे. या सेवेबद्दल जी हुंडणावळ पडे ती अंतर, वाटेची सुरक्षितता आणि दोन्ही पेठांतील पैशाची टंचाई पाहून कमीजास्त होई.

या व्यवहाराचे बारकावे पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांनी अमूर्त पैशाचा किती खोल विचार केला होता याची कल्पना येते. दाखविताक्षणी पटावयाची ती दर्शनी हुंडी आणि ठराविक दिवसांनी पटावयाची ती मुदती. रक्कम नुसती लिहून भागत नसे. पाचशे रुपयांची हुंडी असेल तर पाचशे, त्याचे निमे अडीचशे, त्याची दुप्पट पुरे पाचशे, अशा रीतीने ती पुन्हा पुन्हा बांधली जाई, म्हणजे एखाद्या अंकात फेरफार करणाऱ्याला साऱ्या अंकांत फेरफार करावा लागे. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पेठेत ओळख असलेल्या प्रतिष्ठित सावकाराच्या हातीच मिळत, त्यामुळे वाटेत ती चोरीस गेली तरी चोराच्या उपयोगी पडत नसे. जोखमी हुंडी माल सुखरूप पोहोचला तरच पटे. म्हणजे तीत कर्ज, पैशाची पाठवणूक आणि विमा ही तिन्ही एकवटलेली होती. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहून मिळे, तीही गहाळ झाली तर परपेठ. आणि पैसे चुकते झाल्यावर त्या कागदाचे खोके होऊन तो दप्तरी पडे, जेणेकरून एकाच हुंडीचे पैसे दोनदा उचलले जाऊ नयेत. खोटा अंक, चोरी, हरवणे आणि दुहेरी वसुली, या ज्या चार संकटांवर आजचे संगणकशास्त्रज्ञ गणिताच्या बळावर उपाय शोधतात, त्यांवर सराफकट्ट्याने वही, ओळख आणि रिवाज यांच्या बळावर उपाय शोधले होते.

हुंडीला आधार होता पतीचा, आणि पत ही सावकाराची केवळ खाजगी मालमत्ता नव्हती. एक दर्शनी हुंडी नाकारली गेली की त्या पेढीचे सर्व पेठांतील नाव एका पंधरवड्यात धोक्यात येई, कारण सावकारांचे कासीद सरकारी डाकेइतकेच, कित्येकदा तिच्याहूनही, जलद चालत. पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना १७६१ च्या जानेवारीत माळव्यात कळली ती एका सावकारी कासिदाजवळच्या पत्रावरून, असे परंपरेने सांगितले जाते; आणि त्या पत्रात पडलेल्या सरदारांची व सैनिकांची गणती मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा अशा नाण्यांच्या सांकेतिक परिभाषेत केलेली होती. राज्याचे सर्वांत मोठे दुःख सावकाराच्या भाषेत यावे, यावरून त्या जाळ्यावर समाजाचा किती भरवसा होता हे दिसते. ज्या राज्यकर्त्यांनी हे ओळखले त्यांनी सावकारांना सांभाळले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकार हे राज्याचे भूषण मानून त्यांस उपद्रव न देण्याविषयी जो आग्रह धरला आहे, त्याचे मर्म हेच आहे.

पतीचा आधार सुटला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने मुंबईत पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरला तेथील कापूस मिळेनासा झाला, आपल्या कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याच्या कंपन्या, बँका, वित्तसंस्था यांचे भाग अजून कारभार सुरू होण्यापूर्वीच कितीतरी पट भावाने विकले जाऊ लागले. बॅक बे कंपनीचा भाग हा त्या उन्मादाचा ध्वज झाला आणि प्रेमचंद रायचंद हे त्याचे सूत्रधार झाले. ज्यांनी ते भाग घेतले त्यांना त्यांपासून काही उत्पन्न हवे होते असे नव्हे. उद्या आणखी कोणी अधिक भावाने घेईल, एवढीच त्यांची श्रद्धा होती. १८६५ च्या वसंतात युद्ध थांबले, कापूस कोसळला, आणि त्याच वर्षी १ जुलैला मुदतीच्या सौद्यांचे पैसे देण्याचा दिवस उगवला तेव्हा देणाऱ्यांजवळ देण्यास काही नव्हते. खुद्द सरकारचे भांडवल जिच्यात गुंतले होते ती बँक ऑफ बॉम्बेही त्यात गारद झाली आणि १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला. बाजारभाव असणे आणि आधार असणे यांतील अंतर दाखविणारा याहून कठोर धडा आपल्या आर्थिक इतिहासात नाही.

मधल्या काळात इंग्रजांनी नाण्यांचे अरण्य तोडले. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, अकरा हिस्से चांदी व एक हिस्सा भेळ असलेला कंपनी रुपया सर्व मुलुखासाठी एक ठरला आणि बट्ट्याचे राज्य हळूहळू संपले. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बँकांकडून काढून सरकारने आपल्याकडे घेतला. परंतु चार कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांनाच सरकारी रोख्यांचा आधार चालेल आणि त्यावरील प्रत्येक नोटेमागे नाणे किंवा धातू ठेवावा लागेल, असा निर्बंधही त्यात होता. प्रारंभी ही नोट आपल्या मंडळाच्या हद्दीतच कायदेशीर चलन होती, म्हणजे कलकत्त्याची नोट मुंबईत घेण्यास कोणी बांधलेला नव्हता. विसावे शतक उजाडल्यावर ती बंधने क्रमाने उठली, आणि तेव्हाच नोट खऱ्या अर्थाने देशाची झाली. कागद तोच होता, तो स्वीकारण्याची जबाबदारी मात्र विस्तारली होती.

चांदीच्या रुपयाची कथा त्याहून उद्बोधक आहे. जर्मनीसारख्या देशांनी चांदीचे नाणे सोडले, नव्या खाणींतून चांदीचे लोंढे आले, आणि १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगापर्यंत उतरला. विलायतेचे देणे भागविताना सरकारची तारांबळ उडू लागली तेव्हा, १८९३ साली, कोणीही चांदी आणून रुपये पाडून घ्यावेत ही मुभा बंद करण्यात आली. त्या दिवसापासून रुपयाची दर्शनी किंमत एक आणि त्यातील चांदीची किंमत त्याहून कमी, अशी स्थिती आली. लोकांच्या हातांत तोच पांढरा शुभ्र रुपया खणखणत होता. पण तत्त्वतः तो चांदीवर छापलेली नोट झाला होता आणि त्याचे मोल त्याची संख्या सरकार किती ठेवते यावर अवलंबून राहिले होते.

हे मर्म ज्यांनी अत्यंत स्पष्टपणे उलगडले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या समस्येवरील त्यांच्या ग्रंथाचा रोख असा की, परकीय चलनाशी रुपयाचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशात त्या रुपयाला किती वस्तू मिळतात हे स्थिर राखणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते नाणे पाडणाऱ्याच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे आहे. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देताना टांकसाळी जशा लोकांना तशाच सरकारलाही रुपया पाडण्यास बंद कराव्यात, अशी सूचना त्यांनी केली. महागाईचा पहिला आघात गरिबाच्या थाळीवर होतो, हे जाणणाऱ्या विद्वानाची ती सूचना होती. पैशाच्या पाठीशी सरकार असणे पुरेसे नाही, त्या सरकारच्या हातालाही मर्यादा असली पाहिजे, हा आंबेडकरांचा विचार आजच्या चर्चेत कोणी विसरू नये.

पुढील वाटचाल सर्वपरिचित आहे. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४० साली रुपयातील चांदी निम्मी झाली आणि १९४७ मध्ये ती पुरतीच जाऊन निकेल आले. मराठवाड्यात निजामाचा हाली रुपया चालत असे. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेल्यावरही सात हालीस सहा कलदार, म्हणजे भारतीय रुपये, या ठरलेल्या दराने तो काही वर्षे स्वीकारला जात राहिला, आणि म्हणून त्याची किंमत टिकली. याच्या उलट १९४६, १९७८ आणि २०१६ साली मोठ्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कागद व शाई जशीच्या तशी असतानाही एका घोषणेने त्यांचे चलनत्व संपले. हमी दिली म्हणजे मोल येते आणि हमी काढली म्हणजे ते जाते, हे यावरून उभय बाजूंनी सिद्ध होते.

आता डिजिटल पैशाकडे पाहू. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्यापासून विमानकंपनीपर्यंत सर्वांना जोडले. त्या व्यवहारात एका बँकेच्या वहीतील जमा दुसऱ्या बँकेच्या वहीत जाते आणि बँकांचा आपसांतील हिशेब अखेर रिझर्व्ह बँकेच्या वहीत मिटतो. हे हुंडीचेच तत्त्व आहे, केवळ कासिदाच्या जागी तार आणि लहरी आल्या आहेत. तेथे असलेला पैसा म्हणजे बँकेने ठेवीदारास देणे असलेली रक्कम होय, आणि बँक बुडाल्यास ठेवविम्याचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंतच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये प्रथम मुंबईसह चार शहरांत प्रायोगिक रीतीने लोकांच्या हाती दिलेला ई-रुपया याहून वेगळा आहे. तो नोटेप्रमाणे थेट रिझर्व्ह बँकेचे देणे आहे, आणि कायद्यानेही त्याला बँकनोटेच्या व्याख्येत स्थान दिले आहे. त्याला खरे मोल आहे काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : खिशातील नोटेला जेवढे आहे तेवढेच, कारण देणारा तोच, घेण्यास बांधलेला तोच, आणि फिटणारे देणेही तेच.

बिटकॉइनची गोष्ट निराळी आहे. २००८ च्या ऑक्टोबरअखेरीस सातोशी नाकामोतो या टोपणनावाने त्याची योजना प्रसिद्ध झाली आणि जानेवारी २००९ मध्ये ते अस्तित्वात आले. एकूण संख्या दोन कोटी दहा लाखांपलीकडे जाणार नाही, असा त्याचा नियम आहे. कोणत्याही राज्यकर्त्याच्या लोभाला तेथे वाव नाही, ही त्याची मोठी शक्ती होय, आणि दुहेरी वसुली रोखणारी त्याची सार्वजनिक वही ही मानवी बुद्धीची खरोखर थोर निर्मिती आहे. परंतु आपल्या तीन कसोट्या लावून पाहाव्यात. ते परत घेण्यास कोणी बांधलेला नाही. भारत सरकार १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर घेते, पण तो कर रुपयांतच भरावा लागतो. त्याची किल्ली हरवली तर पेठ नाही, परपेठ नाही, दाद मागण्यास कचेरी नाही. एल साल्वादोर देशाने २०२१ मध्ये ते कायदेशीर चलन केले, आणि २०२५ मध्ये स्वीकारण्याची सक्ती मागे घेतली. रायगडावर १६७४ साली जे सांगितले गेले त्याचाच हा दूरचा पडताळा आहे. त्याला भाव आहे हे खरे, दुर्मिळतेमुळे काहींना ते सोन्यासारखे वाटते हेही खरे. पण सोन्याला दागिन्याचा, दंतवैद्यकाचा आणि सहस्रावधी वर्षांच्या सार्वत्रिक मान्यतेचा आधार आहे. ज्याचा भाव केवळ पुढच्या खरेदीदाराच्या आशेवर उभा असतो, त्याने मुंबईचे १८६५ साल आठवावे.

म्हणून माझे म्हणणे असे की, पैसा धातूचा, कागदाचा की अंकांचा, हा भेद गौण आहे. त्याच्या पाठीशी उत्तरदायी कोणी आहे की नाही, हा भेद मूलभूत आहे. आणि ज्याअर्थी आपण उत्तरदायित्वावर सर्व भार टाकतो, त्याअर्थी उत्तरदायी सत्तेकडून अधिक मागण्याचा आपला हक्कही वाढतो. रोख रुपया हातातून हातात जाताना कोणाच्या वहीत नोंद ठेवीत नव्हता. डिजिटल रुपयाने हे खाजगीपण कायद्याने राखले पाहिजे. वीज आणि तारा बंद पडल्या तरी गरिबाचा व्यवहार अडणार नाही, अशी सोय झाली पाहिजे. चुकून अथवा फसवणुकीने गेलेली रक्कम परत मिळविण्याचा मार्ग जुन्या पेठ-परपेठेइतका स्पष्ट आणि जलद असला पाहिजे. नवा पैसा किती काढावयाचा याचा निर्णय प्रकट नियमांनी बांधलेला असला पाहिजे. या चार अटी पाळणारे चलन हाताला लागो वा न लागो, ते खरेच आहे. आणि या अटींचा आग्रह धरणे हे प्रत्येक नागरिकाचे काम आहे, कारण पैशाला मोल देणारी पत अखेर आपल्या सर्वांच्या विश्वासातूनच जमा होत असते.